पानाची पाठ

बोगुमिलाबाईंच्या बागेत फवारणी नाही.
वूच शहराच्या कडेला, रुळांच्या मागे,
चटईएवढ्या तुकड्यांची आमची वसाहत.
दर तुकड्याला एक फाटक, एक खोपटं, एक भांडण.
त्यांचा बटाटा माझ्या बटाट्याला खेटून उभा.
कीड त्यांच्याकडून येते, असं मी म्हणतो.
त्या म्हणतात, तुझ्याकडून.

पिवळा भुंगेरा, पाठीवर दहा काळ्या रेघा,
पट्टी लावून कुणी ओढाव्यात तशा.
पानाखाली नारिंगी अंडी, दाटीवाटीने उभी.
त्यांतून लाल, गुबगुबीत अळ्या;
दोन दिवस पाठ फिरवा,
झाडाचा खराटा.

बाई पहाटे येतात, दव आहे तोवर.
जुन्या मोज्यात चुलीची राख भरून
पानापानावर झटकतात.
घेवड्यावर मावा चढला तर शेंडाच खुडतात.
पिंपात आग्याचा पाला कुजत ठेवलेला असतो,
त्याचा वास रविवारी
चर्चमधून परतणाऱ्यांनाही गाठतो.
एखादा लेडीबर्ड दिसलाच
तर हात मागे घेऊन त्याला वाट देतात.

बाकी सगळं बोटांनी.
चाळीस वर्षं गिरणीत कापड तपासलं त्यांनी.
दोष नेहमी उलट्या बाजूला असतो, म्हणतात,
सुलटी गिऱ्हाइकासाठी.
पान उलटतात, अंगठा फिरवतात,
आणि बरणीतल्या मिठाच्या पाण्यात
टप्.

त्या आठ वर्षांच्या होत्या तेव्हा
वर्गच्या वर्ग शेतात उतरवला होता शाळेने.
मास्तर सांगत, हे भुंगेरे
शत्रूच्या विमानांनी टाकलेत.
पोरगी एक डोळा पानावर ठेवी, एक आभाळावर.
जास्त वेचेल त्याला रंगीत पेन्सिल.
तिनं कालचे मेलेले
आजच्या बाटलीत मिसळले.
पेन्सिल मिळाली. निळी.
कधी तासली नाही, एवढंच सांगून
बाई पुढच्या सरीकडे वळल्या होत्या.

खोपटाच्या दारावर खडूनं रोजचा आकडा.
चौसष्ट. एक्कावन्न. बावीस.
परवा नऊ.
कीड कमी झाली म्हणावं
तर माझी सरी तशीच जाळीदार.
मग दिसलं, त्या खडूसुद्धा चाचपून शोधतात.

माझ्या खोपटात एक बाटली आहे, सील न तोडलेली.
लेक कालिना घेऊन आली होती.
एकदा मारा बाबा, म्हणाली, आणि मोकळे व्हा.
मोकळा होऊन मी काय करू?

रात्री बॅटरी दातांत धरून
त्यांच्या कुंपणातून आत शिरलो.
गुडघे ओले, पाठ धरलेली,
अंगठ्याला पिवळा डाग, साबणानं न जाणारा.
पायरीवरच्या बरणीत टाकत गेलो एकेक,
चोरी उलटी करावी तशी.

सकाळी बाईंनी बरणी वर्तमानपत्रावर ओतली.
एकेकाला बोट लावून मोजलं.
काही अजून पाय हलवत होते,
काही फुगलेले, गार, रात्रीचे.
सदतीस, म्हणाल्या.
मी कांद्यातलं तण उपटत होतो,
म्हणजे उपटलेलंच पुन्हा उपटत होतो.

"तुला कुठली पेन्सिल हवी होती रे?"

दारावर त्यांनी एकोणीस लिहिलं.
आकडा जरा उतरता, दाराच्या चिरेत गेलेला.
मग खडू माझ्यापुढे धरला,
माझ्या किंचित डावीकडे.

माझं अक्षर वाईट आहे.
अठरा लिहायला बराच वेळ लागला.